दामू, तो शाफ्ट बसवू दे

दामू,

सपनात यायचंच होतं तर बायकोच्या सपनात येऊन पेट्रोलच्या गोष्टी काहून करून राहिला गा? वर्ष झालं तुले जाऊन. मी मोठी बहीण, तुले कडेवर घेऊन वाढवलं, माझ्याकडे एकदा फिरकला नाही. अन् कमलकडे पित्तरांचे दिवस लागल्यापासून रोजची हजेरी! बरं, आला तर आला, बोलला काय? पोरी कशा आहेत विचारलं नाही. छप्पर गळते का विचारलं नाही. म्हणे, "पुढच्या चाकांचा शाफ्ट बसवू नका, गाडी पेट्रोल खाईल." मेला तरी तेच?

लाज नाही वाटली तुले?

काल दुपारी आमच्या आंगणात तिनं हे सांगितलं, अन् विलासच्या बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. शाफ्टले ग्रीस लावून झालं होतं. बोल्ट काढून ठेवले होते. जीपखाली शिरायचंच बाकी होतं. "दामूचा शब्द आहे," म्हणाले, "पित्तरांच्या दिवसांत कसा मोडायचा?" झालं. शाफ्ट गोणपाटात गुंडाळून पुन्हा खाटेखाली गेला. अन् दसऱ्याले पूजा करून त्या जीपवर बसणार कोण? माझा विलास. तुझा भाचा. तुझेच बाजार, तुझाच रस्ता, तोच नाला.

म्हणून लिहून राहिले. मले लिहायचा किती कंटाळा आहे तुले माहीत आहे. चौथीतून शाळा सुटली, जोडाक्षर आलं की हात अडतो. पण तोंडानं बोललेलं या घरात कोणी ऐकत नाही. सगळे तुझं ऐकतात. तर आता तू माझं ऐक.

आठवते का, कामठीच्या लिलावातून ती जीप आणली तो दिवस? महाल भागातल्या आमच्या गल्लीत शिरता शिरत नव्हती. कोपऱ्यावरच्या पानठेल्याचं छप्पर घासलं, पानवाला कात्याच्या हातानं धावून आला. तू आपला आत बसून हसून राहिला. डोळ्यावर कुठून तरी आणलेला काळा चष्मा. मले म्हणाला, "ताई, लढाईची गाडी आहे. चारही चाकं ओढतात. चिखलात टाक, डोंगरावर टाक, छपरावर चढव."

"छपरावर कायले? कुरड्या वाळवायच्या आहेत का?" मी म्हणलं.

तेव्हा तू किती खूश होता गा! उमरेडच्या रस्त्यानं जायचं, मग कच्च्यात उतरून आतल्या गावांचे आठवडी बाजार धरायचे. कापडवाला, मसालेवाला, बांगड्यावाली कासारीण, त्यांचे गठ्ठे, टोपल्या, अन् वरून दोन-चार उतारू. बैलगाडी जिथं फसे तिथून तुझी जीप निघून येई. त्या काळ्या मातीत पावसाळ्यात माणसाचा पाय निघत नाही, चप्पल आतच राहते. तिथं तुझी जीप गुरगुर करत वर चढे. म्हणून तर लोक एसटी सोडून तुझी वाट पाहत.

मग अरबांचं काय बिनसलं कोणास ठाऊक, पेट्रोलचा भाव असा भडकला की तुझ्या तोंडावरचं हसूच गेलं. जेवताना पेट्रोल. देवळात पेट्रोल. पोरीच्या बारशाले आलेल्या पाहुण्यापाशी पेट्रोल! कमल म्हणे, "ताई, हे झोपेत पण पेट्रोल मोजतात." मी हसली होती तेव्हा. काय हसण्यासारखं होतं त्यात?

तुझे एकेक धंदे आठवले की आजही डोकं तापते. जीपचं वजन कमी करायचं म्हणून जास्तीचं चाक घरी काढून ठेवलं, अन् बाजाराच्या दिवशी पंक्चर होऊन अर्ध्या रस्त्यात बसला. उतार दिसला की गाडी न्यूट्रल अन् इंजिन बंद. कापडवाला म्हणाला होता ना, "दामूभाऊ, तुमच्या गाडीत बसलं की उताराले देव आठवतो." तू काय म्हणाला? "मग तेवढं पुण्य फुकट घ्या, त्याचे पैसे मी लावत नाही." सगळी गाडी हसली म्हणे.

घासलेटाचं तर बोलूच नको. पेट्रोलात घासलेट मिसळलं, तेही कमलच्या स्टोव्हचं! जीपनं असा काळा धूर सोडला की मागं बसलेल्या मसालेवाल्याचा रुमाल काळा झाला. अन् घरी पोरी थंडी भाकर खाऊन निजल्या, कारण स्टोव्ह पेटवायले काही उरलं नव्हतं. कमल तुले एका शब्दानं बोलली नाही. मी असती तर तीच घासलेटाची कॅन डोक्यात घातली असती.

भाऊबीजेले तू आला तो जीप ढकलत. टाकी कोरडी. मागून दोन उतारू ढकलत होते, अन् तू एका हातानं स्टेअरिंग धरून, दुसऱ्या हातात माझ्यासाठी आणलेला खण वर धरून, ओला होऊ नये म्हणून नाही, घाम लागू नये म्हणून. मी निरांजन घेऊन दारात उभी. हसू का रडू समजेना. ओवाळताना म्हणलं, "गाडी विकून टाक, बैलजोडी घे. बैल तरी गवतावर चालते." तू म्हणाला, "ताई, गवताचाही भाव वाढला."

असा होता तू. बोलण्यात कधी हरला नाही.

अन् मग तो रविवार. आमच्याच आंगणात. विलासच्या बाबांले लकडगंजच्या गॅरेजात सुट्टी होती, तू सकाळीच जीप घेऊन हजर. "भाऊजी, आज हिचं पिणं सोडवायचं." दिवसभर तुम्ही दोघं तिच्याखाली. प्लग काढून घासले. हवेची जाळी धुतली, तिच्यातून गाळ निघाला चहाच्या चोथ्यासारखा. कार्ब्युरेटर खोलून साफ केला. मागच्या एका चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता, गाडी चालताना घासत राहायचा, तो मोकळा केला. चारही टायरात हवा भरली, टणक. अन् सगळ्यात शेवटी तुले तो शाफ्ट सुचला.

मले तेव्हा शाफ्ट म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. चहा देता देता विचारलं तर विलासच्या बाबांनी सांगितलं, "इंजिनाचा जोर पुढच्या चाकांले नेते तो दांडा. हा काढला की पुढची चाकं नुसती फिरतील, ओढणार नाहीत. मग तुमच्या भावाची फोर व्हील राहिली नावाची."

"नावाची राहू द्या," तू जीपखालून म्हणाला. "पुढचं सारं लटांबर फुकटचं फिरते, भाऊजी. पेट्रोल त्यातच जाते."

"थोडंसं जात असेल. पण चिखलात काय करशील?"

"चिखलात जाणारच नाही."

"बाजार काय शहरात, सदरच्या डांबरावर भरतात का?"

तू पाना फिरवत राहिला. मग मी म्हणलं, "दामू, दुधासाठी म्हैस घ्यायची अन् चारा वाचतो म्हणून तिची कास कापायची, असं करून राहिला तू." तुम्ही दोघं हसले. माझं बोलणं हसण्यावारी न्यायची तुम्हाले जुनी सवय. शाफ्ट माझ्या खाटेखाली आला. तुझ्या घरी जागा नव्हती म्हणे.

अन् काय सांगू, पेट्रोल वाचलं! आठवड्यानं तू आला तो मिठाई घेऊन. "ताई, पाहिलं? शाफ्ट काढला अन् गाडी कमी प्यायले लागली!" साऱ्या बाजारात सांगत फिरला. दुसरे दोन जीपवालेही आपापले शाफ्ट काढून बसले तुझं ऐकून.

पुढच्या श्रावणात तू गेला.

काय झालं ते मले पोलिसांनी सांगितलं नाही, तुझ्या सोबत्यांनीही धड सांगितलं नाही. सांगितलं त्या कासारणीनं. तेराव्यानंतर ती कमलकडे आली. टोपली दाराबाहेरच ठेवली, बांगड्यांवर पदर टाकला, अन् आत येऊन जमिनीवर बसली. कमलच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं नाही तिनं. माझ्याकडे पाहून बोलली.

"पाऊस लागूनच राहिला होता, बाई. नाल्याचा रपटा, तो बुटका पूल, त्याच्यावरून पाणी चाललं होतं, पण घोट्याएवढं. दामूभाऊनं गाडी बरोबर पार नेली. पुढची चाकं काठावर चढली. मागची काही चढेनात. जागच्या जागी फिरत राहिली, चिखल उडवत राहिली. भाऊ म्हणाले, उतरा सगळे, वजन कमी करा. आम्ही उतरलो, वर चढलो. माझी टोपली त्यांनीच वर दिली. मग वरच्या अंगानं पाणी आलं. आम्ही ओरडलो, सोडा गाडी! ते म्हणाले, सोडतो, सोडतो. अन् ती लहान दांडी आहे ना गिअरच्या बाजूले, ती ओढत राहिले. ढकलायचे, ओढायचे. ढकलायचे, ओढायचे. गाडी मागं घसरली तरी हात तिथंच."

ती गेल्यावर मी विलासच्या बाबांले विचारलं, ती लहान दांडी कायची? ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पुढची चाकं जोडायची."

दामू, ती दांडी कशाले ओढत होता गा तू?

शाफ्ट माझ्या खाटेखाली होता! तुले माहीत होतं! तूच काढला, तूच गोणपाटात बांधला. ती दांडी ओढून काय होणार होतं? की तेवढ्यापुरता विसरला? की तुझ्या हाताले कोणी सांगितलंच नव्हतं? वर्षभर हा एकच प्रश्न माझ्या छातीवर बसून आहे. पोळी लाटताना माझा हात थांबते. दांडी ओढायच्या ऐवजी दार उघडून उडी मारली असती तर! काठावर सहा माणसं हात पुढे करून उभी होती.

जाऊ दे. तू सांगणार नाही. आता कामाचं ऐक.

बैल लावून जीप काढली. वर्षभर तुझ्या दारातल्या लिंबाखाली उभी होती, पोरी तिच्यात भातुकली खेळत. कमल लोकांचे ब्लाउज शिवून भागवते, पण भागत नाही. तर विलासच्या बाबांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन जाऊन इंजिन सुरू केलं, चालवत आमच्या दारी आणली. विलासले लायसन मिळालं. ठरलं असं की विलास चालवील, येईल ते कमलच्या घरात. मी नाही म्हणलं नाही. तुझ्या पोरी माझ्याच आहेत. मी एवढंच म्हणलं, शाफ्ट बसवा. मग पाठवते पोराले.

एवढीच गोष्ट मागितली, दामू. सोनं नाही मागितलं.

अन् तेवढ्यात तू सपनात आला.

काल मी कमलले सोडलं नाही. म्हणलं, "कमल, खरं सांग वं. तो खरंच आला का?"

"आले ताई. खाटेच्या उशाशी बसतात. म्हणतात, शाफ्ट काढून ठेवला आहे, तसाच राहू द्या. पेट्रोल परवडणार नाही."

"अन् बाकी काय म्हणते?"

"बाकी काही नाही."

"काहीच नाही? तुले काही नाही? पोरींले काही नाही?"

ती पदर तोंडात धरून म्हणाली, "ताई, जिते होते तेव्हा तरी दुसरं काय बोलायचे?"

मी माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले. मी, जिले सगळी गल्ली घाबरते! तुझा आवाज तिच्याजवळ उरला तो एवढाच आहे, दामू. पेट्रोल अन् शाफ्ट. दुसरं काही तू तिच्या पदरात टाकलंच नाही, तर ते बिचारं सपन आणखी काय बोलेल? आता तेही मी खोटं म्हणू का?

विलासले म्हणलं, तू तरी बोल. तर तो म्हणते, "माय, मामा शाफ्टनं नाही गेला, पाण्यानं गेला. मी सांभाळून चालवीन." सांभाळून! तूही सांभाळूनच चालवत होता. तुझ्यासारखाच चष्मा घेऊन आला आहे बाजारातून. मले तो चुलीत टाकायचा होता, पण हात उचलला नाही.

राहिले विलासचे बाबा. हा माणूस वीस वर्षं गाड्या दुरुस्त करते. त्याले काय समजत नाही? आज सकाळी चहा देताना मी त्यांच्यापुढेच बसली. म्हणलं, "सपन राहू द्या बाजूले. तुम्ही मिस्त्री आहात. शाफ्ट बसवला तर खरंच एवढं पेट्रोल जाते का?"

त्यांनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली. मग म्हणाले, "त्या रविवारी आम्ही किती कामं केली आठवते? प्लग, जाळी, कार्ब्युरेटर, हवा. तो ब्रेक तर गाडीले मागूनच धरून होता. पेट्रोल वाचलं ते कशानं वाचलं, कोणाले माहीत? दामूनं नाव शाफ्टचं घेतलं, मीही म्हणलं, घेऊ दे."

"मग बसवा ना! बसवून पाहा एकदा, लगेच समजेल."

"तेच तर," ते म्हणाले. "बसवला, अन् पेट्रोल तेवढंच लागलं तर? कमलले काय सांगू? की तुझा माणूस कशासाठीच गेला नाही?"

दामू, हे ऐकून मी उठून मोरीत जाऊन उभी राहिली. नळ सोडला अन् तशीच उभी राहिली.

म्हणजे असं आहे तर. मोठा माणूस घाबरून आहे एका दांड्याले. तो बसवला की खरं कळेल, अन् खरं कळलं तर तुझं मरण फुकटचं ठरेल. तो खाटेखाली राहिला तर तू घरादारासाठी गेला. मग कमल मान वर करून सांगू शकते, "आमचे पोटाले चिमटा घेऊन गाडी चालवत होते." ती सपन पाहते का सपन विणते, मले माहीत नाही. माहीतही करून घ्यायचं नाही. पण तिच्या त्या एका समाधानासाठी मी माझं पोरगं त्या नाल्यात पाठवू का? तूच सांग! तुझी लाज राखायले माझा विलास दोन चाकांवर जाईल का?

पेट्रोल वाचवायचंच आहे तर वाचवायले शंभर वाटा आहेत. टायरात हवा ठेवा. जाळी धूत जा. ब्रेक घासते का ते हात लावून पाहा, चाक गरम लागलं की समजते. दामटू नका, हळू चालवा. माणसं कोंबू नका. अन् नाल्याले पाणी असलं की अल्याडच थांबा, बाजार गेला खड्ड्यात. हे सगळं विलासच्या बाबांनीच मले सांगितलं, अन् मी विलासकडून पाठ करून घेतलं. फक्त तो शाफ्ट बसू दे.

तर मी तुले वचन देते, अन् माझं वचन कसं असते तुले माहीत आहे. शाफ्ट बसल्यावर गाडी किती पेट्रोल पिते, हे आपल्या घरात कोणी मोजणार नाही. टाकीत किती टाकलं अन् किती चालली, हा शब्द विलासच्या तोंडून निघाला तर मुस्काटात खाईल. जास्त लागलं तर मी भरीन, कसं ते माझं मी पाहीन. अन् तेवढंच लागलं, किंवा कमी लागलं, तर ते विलासच्या बाबांच्या अन् माझ्या पोटात राहील. त्यांनी एखाद्या दिवशी बोलायले तोंड उघडलं तर मी झाकीन. कमलले मरेपर्यंत कळणार नाही. चारचौघांत ती म्हणेल, "त्यांनी शाफ्ट काढून पेट्रोल वाचवलं," तर मी शेजारी बसून म्हणीन, "हो वं, वाचवलं." यापेक्षा जास्त मी काही देऊ शकत नाही.

आता तुझं काम. तिच्या सपनात जा, अन् या वेळी दुसरं बोल. खोटं बोल! जिता असताना किती थापा मारल्या, आणखी एक मार. म्हण, पेट्रोल आता स्वस्त होणार आहे, इकडे वर कळलं. म्हण, विलास नवा आहे, त्याले चारही चाकं पाहिजेत. काहीही म्हण, पण शाफ्ट बसवा म्हण. अन् जमलं तर जाता जाता तिले एखादा शब्द तिच्यासाठीचा बोल. ती वाट पाहते.

सर्वपित्री अमावस्येच्या आत जा. त्या दिवशी तुझं पान वाढायचं आहे. त्या सकाळी मी कमलच्या दारात उभी राहीन, ती उठून काय सांगते ते ऐकायले. तिनं पुन्हा तेच सांगितलं तर तुझं पान मी वाढणार नाही, अन् दसऱ्याले जीपच्या पुढं आडवी पडीन. मग भाऊबंदांत तोंड दाखवायची सोय तुलेच नाही राहणार.

जाशील का नाही? हो का नाही, एक सांग. अमावस्येच्या आत मले उत्तर पाहिजे.

तुझी ताई,
यशोदा